‘संपूर्ण’ म्हणवणारा खोका

एका माणसाने साठ वर्षांत नेमकं किती गायलं, हे मोजण्याचा पगार मी चार वर्षं घेतला. माणूस अमेरिकन, गायक, जगभर नावाजलेला आणि अजून हयात. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण नोकरी सोडताना तसं सही करून दिलं आहे आणि सही केलेलं मी पाळतो. मनातल्या मनात मी त्याला ‘काका’ म्हणत असे, पुढेही तेच म्हणतो. आदराने नव्हे. लग्नकार्यात एकदा माइक हातात आला की खाली न ठेवणारा एखादा काका असतो, त्या अर्थाने.

आमची फर्म जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. माणसं बारा. रेकॉर्ड कंपन्या आपापल्या गायकांच्या नोंदी आमच्याकडे पाठवायच्या, आम्ही त्या तपासून, साफ करून परत द्यायचो. मी संगीताच्या क्षेत्रात आहे म्हटलं की इथली मराठी मंडळी विचारायची, काय वाजवता? मी काहीच वाजवत नाही. ऐकतही फारसा नाही. मी मोजतो.

हे मोजणं कसं असतं ते सांगतो. गाणं, मुद्रण आणि प्रकाशन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणं म्हणजे शब्द आणि चाल. मुद्रण म्हणजे ते गाणं एका दिवशी, एका स्टुडिओत प्रत्यक्ष गायलं गेलं ते. प्रकाशन म्हणजे ते मुद्रण ज्या ज्या तबकडीत, कॅसेटमध्ये, सीडीत घालून विकलं ते. पुरणपोळीची कृती हे गाणं, होळीला तव्यावर भाजलेली पोळी हे मुद्रण आणि ती ज्या डब्यांतून घरोघर गेली ते डबे म्हणजे प्रकाशन. डबे मोजून ‘आम्ही इतक्या पोळ्या केल्या’ असं कुठल्या घरात म्हणत नाहीत. काकांची कंपनी म्हणत होती. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो, माणसाच्या आधार क्रमांकासारखा. एका मुद्रणाला एकच क्रमांक असावा असा नियम आहे. काकांच्या काही मुद्रणांना नऊ-नऊ होते.

त्यांच्या नावावर आमच्याकडे चार हजार तीनशे अठरा नोंदी आल्या. मी चाळल्यावर मुद्रणं उरली सहाशे अकरा. त्यांतली वेगळी गाणी तीनशे बाहत्तर. म्हणजे जगाला वाटतं त्याचा अकरावा हिस्साही नाही. बाकी सगळे डबे.

नाताळची चौदा गाणी काकांनी ऐन तिशीत एका उन्हाळ्यात गाऊन ठेवली. ती चौदा गाणी शहाण्णव वेगवेगळ्या वेष्टनांत विकली गेली. एका वेष्टनावर बर्फ, दुसऱ्यावर जास्त बर्फ. ‘निवडक’ या नावाचे एक्केचाळीस संच निघाले. एक्केचाळीस वेळा निवड केली आणि दर वेळी तीच वीस गाणी निवडली. ‘ध्वनी नव्याने उजळून’ असं लिहिलेलं असेल, तर आवाज मोठा केलेला असतो. निरोपाचे कार्यक्रम तीन झाले. तिन्हींच्या तबकड्या निघाल्या आणि तिसऱ्यानंतर पुनरागमनाची निघाली. एका संचात त्यांनी वारलेल्या गायिकेबरोबर युगुलगीत गायलं आहे. तिला विचारायची सोय नव्हती.

सगळ्यांत कळस म्हणजे दोन मैफली. एक अमेरिकेतली, दुसरी नऊ वर्षांनंतरची, युरोपातली. दोन्हींत तिसऱ्या गाण्यानंतर टाळ्या पडतात, कुणी दोनदा शिट्टी मारतं आणि एक बाई हसते. पडद्यावर आवाजाचे दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले, तर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळले. नऊ वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्याच बाईला त्याच क्षणी हसू आलं. मी दोन्ही मैफली यादीतून काढल्या. घरी येऊन अनघाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण लोकांना आवडतं ना?” मी म्हटलं, लोकांना काय आवडतं हा रकाना माझ्याकडे नाही.

या भुशातून दाणे वेचायला मी संगणकासाठी एक नियम केला होता. गाण्याचं नाव एक, गायक एक आणि लांबीत दोन सेकंदांपेक्षा कमी फरक असेल, तर ते मुद्रण एकच समजायचं. एक प्रत ठेवायची, दुसरी कचऱ्याच्या खणात टाकायची. खण नव्वद दिवसांनी आपोआप रिकामा होतो. पूर्वी तीन माणसं हेडफोन लावून ऐकत बसत, त्यांचं वर्षाचं काम या नियमाने नऊ दिवसांत केलं. आमच्या प्रमुख फ्राऊ डेंगलर खूश झाल्या. त्या मला ‘हेर योगळेकर’, म्हणजे श्रीयुत जोगळेकर, म्हणत. इथे ‘ज’चा ‘य’ होतो, त्याला इलाज नाही. नियमाचा मला अभिमान होता. काही ऐकावं लागत नाही, याचा जास्तच होता.

काकांच्या ऐंशीनंतर कंपनीने ठरवलं की त्यांची यच्चयावत मुद्रणं एका मोठ्या खोक्यात घालून विकायची. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘संपूर्ण’ असं छापायचं होतं आणि ते खरं आहे असं सही करून सांगण्याचं काम माझं होतं. मी सही केली.

खोक्याची जाहिरात झाल्यावर पत्रं यायला लागली. पत्रं लिहिण्यात ब्राउनश्वाइगच्या हेर सीवर्स यांचा हात कुणी धरला नसता. निवृत्त इंजिनियर, काकांच्या अकराशे तबकड्या बाळगून. पत्रांना क्रमांक, परिच्छेदांना क्रमांक, चुकांना क्रमांक. एका पत्रात पाच पानं खर्चून त्यांनी मांडलं होतं की अमुक गाण्याच्या इटालियन आवृत्तीत सुरू होण्याआधी कुणी शिंकतं, सबब ते वेगळं मुद्रण धरावं. शिंकेला मी क्रमांक देणार नव्हतो. नवव्या पत्रानंतर मी त्यांचे लिफाफे न फोडता फाइलला लावायला लागलो.

त्या सुमारास कायझर्सलाउटर्नहून, एका वृद्धाश्रमातून पत्र आलं. चौकटीच्या कागदावर, टपोऱ्या अक्षरात. लिहिणाऱ्या होत्या फ्राऊ हॅनेलोर विर्थ, वय एक्क्याऐंशी. एकोणीस वर्षांच्या असताना त्या शिलाई मशीनच्या कारखान्यात काम करत आणि रविवारी चर्चच्या वृंदात गात. काका तेव्हा जवळच्या अमेरिकन लष्करी तळावर गायला आले होते. त्या काळी अमेरिकन गायकांकडून त्यांचीच गाणी जर्मनमध्ये गाऊन घेत, इथे खपावीत म्हणून. काकांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. मग चर्चच्या वृंदातली एक मुलगी बोलावली. तिने त्यांच्या कानाशी उभं राहून ओळ गायची, त्यांनी पाठोपाठ गायची. चार गाणी एका दुपारी झाली. चौथ्या गाण्यात त्यांना जमेचना, तेव्हा स्टुडिओवाल्याने दोघांना एकत्रच गायला लावलं. तशीच तबकडी निघाली आणि पंधरा दिवस दुकानांत विकली गेली. मग अमेरिकेतून तक्रार आली, तिचा आवाज काढून नवी तबकडी काढली. ‘तुमच्या खोक्यात माझं गाणं कितव्या तबकडीवर आहे, तेवढं कळवावं,’ असं शेवटी होतं.

मी उत्तर लिहिलं. कुठलाही दावा करायचा तर नाखवाइस लागतो, म्हणजे लेखी पुरावा. या देशात घराची चावी हरवली तरी तो लागतो. त्यांनी तबकडीच्या वेष्टनाची छायाप्रत पाठवली. तबकडी चाळीस वर्षांपूर्वी घर बदलताना फुटली होती. वेष्टनावर फक्त काकांचं नाव होतं. मी दुसऱ्या पत्रात करार किंवा पावती मागितली. त्या म्हणाल्या, मला कुणी काही लिहून दिलं नाही, येताना एक संत्रं दिलं. तिसऱ्या पत्राला मी यादीचं पान जोडलं. त्या गाण्याची जर्मन नोंद एकच आहे, एकट्याच्या आवाजातली, सबब आपण म्हणता तसं मुद्रण अस्तित्वात नाही. खाली सही केली आणि विषय संपला असं समजलो.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पातळ, पण शब्द स्वच्छ.

“तुमचं पत्र जेवणघरात वाचून झालं,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुणी वाचलं?

“हेर लुट्झनी. माझे डोळे अधू आहेत. त्यांनी चाळीस वर्षं जमिनीच्या नोंदी सांभाळल्या, त्यांना सरकारी भाषा चांगली वाचता येते. ‘अस्तित्वात नाही’ हे त्यांनी दोनदा वाचलं.”

मग हळूहळू कळलं. बासष्ट वर्षं त्या सांगत आल्या होत्या की मी त्या गायकाबरोबर गायले आहे. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, आश्रमात आल्यावर टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलं. लोक हसून मान डोलवत. ‘संपूर्ण’ खोका येणार हे कळल्यावर त्या जेवणघरात म्हणाल्या होत्या, आता येईल त्यात, मग ऐका. आला तो माझा कागद.

“आता त्या मला सांभाळून घेतात,” त्या म्हणाल्या. “परिचारिका. हळू बोलतात माझ्याशी. डॉक्टरांना सांगितलंय की मी गोष्टी रचायला लागले आहे. हेर योगळेकर, मला खोका नको. मी खोटं बोलले नाही, एवढं तुमच्याकडून पाहिजे.”

मी म्हटलं, पुन्हा तपासतो. तपासायचं काही आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण शब्द दिला होता, म्हणून माझ्या नियमाने काय काय टाकलं त्याची नोंदवही उघडली. त्या गाण्याच्या जर्मन प्रती दोन आल्या होत्या. दोन्ही दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांच्या. साथीची वाद्यं अमेरिकेहून एकाच फितीवर मुद्रित होऊन आली होती, मग लांबी वेगळी होणार कशी? नाव एक, गायक एक, लांबी एक. नियमाने त्यांतली एक टाकली होती आणि खण रिकामा होऊन चाळीस दिवस झाले होते. काकांनी दोनदा विकलेल्या टाळ्या मी पकडल्या होत्या. एका मुलीने एकदाच गायलेलं गाणं त्याच चाळणीने कचऱ्यात गेलं होतं.

दुसरी प्रत कुठे मिळेल हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. उत्तर माहीत होतं आणि आवडत नव्हतं. फाइलमधले लिफाफे काढून फोडले. सतराव्या पत्रात, तिसऱ्या पानावर त्याच गाण्याबद्दल होतं: क्रमांक २१४-ब, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात स्त्रीचा आवाज आहे, स्वतंत्र नोंद करावी. मी ब्राउनश्वाइगला फोन लावला.

“हेर सीवर्स, दोनशे चौदा-ब बद्दल बोलायचं होतं.”

“सतरावं पत्र,” ते म्हणाले. “मिळालं होतं?”

“मिळालं होतं.”

“वाचलं होतं?”

“नव्हतं.”

“गेनाऊ,” ते म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर, हेच मला ऐकायचं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी तबकडीवरून उतरवून गाणं पाठवलं. वर सोळा ओळींची टीप होती, सुई कुठल्या बनावटीची वापरली त्याबद्दल.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्हींचे आलेख शेजारी लावून, गाणं वाजवत बसलो होतो. अनघा भेंडी चिरत होती. ती आमच्या मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवते.

“ही बाई कोण रे?” ती म्हणाली.

“दोन ठिकाणी आलेख थोडा जाड दिसतोय,” मी म्हटलं.

“आलेख ठेव बाजूला. बाई गातेय स्पष्ट. आणि तो तुझा काका तिच्या मागून फरफटत चाललाय.” विळीवरून न उठता तिने मान हलवली. “हे ऐकायला तुला सहा महिने लागले?”

सोमवारी फ्राऊ डेंगलर यांना सांगितलं की यादी चुकली आहे.

“खोका छापून झालाय,” त्या म्हणाल्या.

“त्यावर ‘संपूर्ण’ लिहिलंय.”

“तुमच्या सहीवरून लिहिलंय, हेर योगळेकर.”

मी अमेरिकेतल्या कंपनीला चूक कळवली. माझी समजूत, तिकडे कुणी शरमेल. तिकडे आनंद झाला. त्यांना चूक दिसलीच नाही, माल दिसला. महिन्याभरात हे एक गाणं वेगळं काढायचं ठरलं, ‘कधीही न ऐकलेलं’ अशा मथळ्याखाली. कायझर्सलाउटर्नकडच्या दुकानांत पंधरा दिवस विकलेलं आणि हेर सीवर्स यांनी दर नाताळाला ऐकलेलं गाणं म्हणे कधीही न ऐकलेलं. गायकांच्या रकान्यात काकांच्या नावापुढे त्यांनी लिहिलं: ‘सोबत एक अनोळखी जर्मन मुलगी’.

मी ती नोंद अडवली. माझ्या मान्यतेशिवाय कुठलंही मुद्रण पुढे सरकत नसे आणि रकाना अपुरा असेल तर मान्यता न देण्याचा मला अधिकार होता. त्यांनी कळवलं की अनोळखी मुलगी म्हटल्याने उत्सुकता वाढते. मी उत्तर दिलं की मुलगी एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचा पत्ता माझ्याकडे आहे. त्यांनी विचारलं, ती तीच, याला पुरावा काय? प्रश्न रास्त होता. मीच तो तीनदा विचारला होता. फ्राऊ डेंगलर दर सकाळी टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. “तुम्ही एका ओळीसाठी मला काम लावलंय,” त्या म्हणायच्या. अकरा कामाचे दिवस ही ओढाताण चालली. शेवटी तिकडचे कंटाळले आणि नाव घालायला तयार झाले. पुराव्याच्या रकान्यात मी ‘तोंडी’ असं लिहिलं. त्या रकान्यात तो शब्द मी आधी कधी लिहिला नव्हता, कुणाला लिहूही दिला नव्हता. ते वर्ष संपताना मी फर्म सोडली. आता पंपांच्या सुट्या भागांची यादी सांभाळतो. पंप निरोपाचे कार्यक्रम करत नाहीत.

गाणं बाहेर आलं त्या आठवड्याच्या रविवारी अनघा आणि मी दोनदा गाडी बदलून कायझर्सलाउटर्नला गेलो. मी फर्मच्या शिक्क्याचा कागद नेला होता, वर मुद्रणाचा क्रमांक आणि दोन नावं. जेवणघरात प्लमचा केक आणि कॉफी चालली होती. फ्राऊ विर्थ अंगाने लहानशा, निळा स्वेटर घातलेल्या. त्यांनी माझा हात धरला आणि शेजारच्या उंच माणसाकडे बोट केलं. हेच हेर लुट्झ.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. टेबलावरचे आणखी पाच-सहा जण थांबले.

“इथे हॅनेलोर माथाइस लिहिलंय,” ते म्हणाले.

“मुद्रणाच्या वेळी जे नाव होतं तेच नोंदवायचा नियम आहे,” मी म्हटलं. “ते त्यांचं माहेरचं नाव.”

“असेल. या बाई विर्थ आहेत. लग्नाचा दाखला आहे का?”

“मुलाकडे आहे, हॅम्बुर्गला,” फ्राऊ विर्थ म्हणाल्या.

“मग कागदावरची बाई आणि तुम्ही एकच, असं या कागदावरून ठरत नाही,” हेर लुट्झ म्हणाले आणि त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला. उद्धटपणे नाही. मीही असाच दिला असता. दाखला कुठून, किती दिवसांत मागवता येईल, याचा मी मनात हिशेब सुरू केला. अनघाने माझ्याकडे एकदा पाहिलं, पर्समधून फोन काढला आणि केकच्या ताटल्यांमध्ये ठेवून गाणं लावलं.

पहिलं कडवं काकांचं एकट्याचं. कॉफी ढवळत सगळे ऐकत होते. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी फ्राऊ विर्थ यांनी खुर्चीत पाठ सरळ केली आणि गायला लागल्या. आवाज चिरका झाला होता, वरचा सूर पुरत नव्हता. पण प्रत्येक ओळ त्या काकांच्या किंचित आधी घेत होत्या, अर्ध्या मात्रेने, कानाशी उभं राहून सांगावं तशी. आणि फोनमधली एकोणीस वर्षांची मुलगीही तेवढ्याच आधी शिरत होती. प्रत्येक ओळीला दोघी एकत्र आणि काका मागून. अनघा टेबलावर बोटाने ठेका धरून होती, तिने बोट थांबवलं. तिसऱ्या कडव्यात एके ठिकाणी मुलगी श्वास घ्यायला थांबते. फ्राऊ विर्थ तिथेच थांबल्या.

गाणं संपल्यावर दारात उभी असलेली परिचारिका आत आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. हेर लुट्झ यांनी काटा ताटलीत ठेवला.

“आल्झो, असं आहे तर,” ते म्हणाले, “हे आधीच गाऊन का नाही दाखवलंत?”

“गा असं कुणी म्हणालंच नाही,” फ्राऊ विर्थ म्हणाल्या. “तुम्ही कागद मागितलात. यांनीही कागदच मागितला.”

तिन्ही पत्रांवर सही माझी होती.